शब्दचर्चा: ‘अष्टपैलू’ रनिंग बॅकला मराठीत काय म्हणावं?

अक्षरवेडा:
आमच्या मंडळाच्या अंकासाठी मार्शल फॉक या अमेरिकन फुटबॉलपटूवर लेख लिहितोय. पहिल्याच वाक्यात गाडी अडली. ‘अष्टपैलू धावपटू’ असं लिहिलं, तर घरातूनच विचारणा झाली, ‘हा किती मीटर पळायचा?’ रास्त शंका. धावपटू म्हटलं की पी. टी. उषा आठवते, ललिता बाबर आठवते. चेंडू काखेत घट्ट धरून समोरच्या अकराजणांतून वाट काढणारा गडी काही डोळ्यांसमोर येत नाही. तर ‘रनिंग बॅक’ला चांगला मराठी शब्द आहे का? आणि फॉकसारखा, जो धावतोही आणि पासही झेलतो, त्याला ‘अष्टपैलू’ म्हटलेलं चालेल ना?

बे_एरियाकर:
‘रनिंग बॅक’ आहे तसाच ठेवा, असं माझं मत. ‘विकेटकीपर’ला ‘यष्टिरक्षक’ केलं ते खपलं, कारण वाचणाऱ्याला खेळ आधीच माहीत होता. इथे खेळ समजावण्यापासून सुरुवात आहे.

तो करतो काय ते आधी बघा. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चाल सुरू करून पास फेकणाऱ्याच्या, मागे किंवा शेजारी उभा राहतो. त्याच्या हातून चेंडू घेऊन धावणं हे मुख्य काम. बाहेर पळून पास झेलणं हे दुसरं. आणि क्वार्टरबॅकवर चाल करून येणाऱ्या आडदांड बचावपटूला अंगावर घेणं हे तिसरं. बहुतेकांना पहिलं उत्तम जमतं, दुसरं कामापुरतं, आणि तिसऱ्याच्या वेळी प्रशिक्षक देवाचं नाव घेतो. फॉकला तिन्ही जमायची. 1999 साली सेंट लुइस रॅम्सकडून त्याने धावून 1,381 यार्ड काढले आणि पास झेलून 1,048. एकाच मोसमात दोन्हीकडे हजारी गाठणारा त्याच्याआधी एकच, आमच्या सॅन फ्रान्सिस्कोचा रॉजर क्रेग, 1985 मध्ये. त्यानंतर 2019 मध्ये कॅरोलायनाचा ख्रिश्चन मॅकॅफ्री.

कोरी_पाटी:
अडाणी प्रश्न. ‘बॅक’ म्हणजे बचावपटू ना? आमच्या कोल्हापुरात फुटबॉलच्या मॅचला ‘बॅक’ म्हटलं की गोलच्या अलीकडे भिंतीसारखा उभा राहणारा.

बे_एरियाकर:
अडाणी कसला, नेमका आहे. दोन्ही खेळांत ‘बॅक’ म्हणजे मागचा, पण कोणाच्या मागचा हे वेगळं. अमेरिकन खेळात चेंडूच्या रेषेवर धिप्पाड खेळाडूंची फळी असते. त्या फळीच्या मागे उभे राहणारे सगळे बॅक. मुळात सगळ्यांत जवळचा क्वार्टरबॅक, मग हाफबॅक, त्याही मागे फुलबॅक. नावं अंतरावरून पडली, आणि हे सगळे हल्ला करणाऱ्या बाजूचे. घोळ वाढवायचा तर सांगतो, बचावाच्या बाजूलाही ‘बॅक’ असतात. कॉर्नरबॅक त्यातलाच.

अक्षरवेडा:
या घोळाचा फॉकच्या आयुष्याशी थेट संबंध आहे, बरं का. हा न्यू ऑर्लिन्सच्या डिझायर वस्तीतला पोरगा, जन्म 1973 चा. तिथल्या सुपरडोम स्टेडियममध्ये पॉपकॉर्न विकायचा. शाळेत तो हल्ल्यातही खेळे आणि बचावातही. त्यामुळे मोठमोठी कॉलेजं त्याला बोलवत होती ती कॉर्नरबॅक म्हणून. याला खेळायचं होतं रनिंग बॅक. ते द्यायला सॅन डिएगो स्टेट विद्यापीठ तयार झालं, म्हणून तो दीड हजार मैलांहून लांब तिकडे गेला. तिथल्या दुसऱ्याच सामन्यात, सप्टेंबर 1991 मध्ये, पॅसिफिक विद्यापीठाविरुद्ध नेहमीचा खेळाडू जखमी झाला म्हणून याला आत पाठवलं. 37 वेळा चेंडू घेऊन धावला, 386 यार्ड आणि सात टचडाउन (म्हणजे सात वेळा चेंडू घेऊन गोलरेषा गाठली). कॉलेज फुटबॉलचा तेव्हाचा विक्रम. मराठीत ‘बॅक’चं भाषांतर ‘बचावपटू’ केलं असतं, तर या गोष्टीतली सगळी गंमत गेली असती.

मधली_आळी:
‘अष्टपैलू’बद्दल बोलते. शब्द रत्नकामातून आला. पैलू पाडणं म्हणजे हिऱ्याला किंवा खड्याला बाजू पाडणं. आठ बाजूंनी चमकतो तो अष्टपैलू. क्रिकेटच्या बातम्यांनी त्याचं पार दोनपैलू करून टाकलं: फलंदाजी अधिक गोलंदाजी, झालं. कबड्डीतही तेच, चढाई आणि पकड दोन्ही जमली की अष्टपैलू. आणि श्रद्धांजलीच्या लेखात तर प्रत्येक मयत माणूस अष्टपैलू असतोच. शब्द झिजलाय हे खरं, पण वाचकाला लगेच कळतो, हेही खरं.

पर्याय सांगते. ‘हरहुन्नरी’ फॉकला नको. त्यात हौसेचा वास आहे. नाटकात काम करतो, पेटी वाजवतो, वेळ पडली तर इस्त्रीही दुरुस्त करतो, तो हरहुन्नरी. ‘चतुरस्र’ समीक्षकांना आणि संपादकांना राखून ठेवलेला. ‘बहुआयामी’ सरकारी प्रसिद्धिपत्रकात शोभतो, तिथेच राहू दे.

पळती:
मी खो-खोवाला, सांगलीकडचा. रनिंग बॅकला ‘धावक’ का नाही? आमच्याकडे पाठलाग करणारा वेगळा आणि धावक वेगळा. धावकाचं सगळं कौशल्य हुलकावणीत. खांबापाशी खांदा एकीकडे टाकायचा आणि पाय दुसरीकडे. फॉकचे व्हिडिओ बघितले या चर्चेच्या निमित्ताने. एका पायावर थांबून समोरच्याला हवेत हात मारायला लावतो, ती अस्सल पळती आहे. शिवाय आमच्यातही कोणी साखळी चांगली पळतं, कोणी रिंग. दोन्ही जमणारा संघात आधी निवडला जातो.

बे_एरियाकर:
काका, हुलकावणीचं अगदी पटलं, तो शब्द लेखात यायलाच हवा. ‘धावक’ मात्र अडचणीचा. एक तर हिंदीत धावक म्हणजे तुमची पी. टी. उषाच, आणि हल्ली आपल्या वाचकांच्या कानात हिंदी जास्त. दुसरं म्हणजे खो-खोत धावक वेळ काढतो, मिनिटं मोजतो. रनिंग बॅक जमीन मिळवतो. किती वेळ पळाला याला काडीची किंमत नाही. तीस पावलं आडवा पळून एक यार्ड पुढे गेला, तर वहीत एकच यार्ड.

पळती:
मान्य. मग ‘रशिंग’ला ‘चढाई’ म्हणा. कबड्डीतला शब्द आहे, सगळ्यांना येतो.

मधली_आळी:
चढाईत परत येणं महत्त्वाचं ना काका? मध्यरेषेला हात लागला नाही तर मिळवलेलं पाण्यात. इथे तर परत येतच नाहीत, जिथे पाडलं तिथे मुक्काम.

बे_एरियाकर:
आणि आणखी एक खोच आहे. या खेळात ‘रश’ दोन्ही बाजूंना वापरतात. चेंडू घेऊन धावणं हाही रश आणि बचावातल्यांनी क्वार्टरबॅकवर तुटून पडणं हाही पास रश. ‘चढाई’ वापरायचीच तर ती दुसऱ्याला द्यावी. ब्लिट्झ म्हणजे नेहमीपेक्षा जास्त माणसं एकदम अंगावर सोडणं, त्याला ‘चढाई’ शोभून दिसते.

कोरी_पाटी:
मग पहिल्याला साधं ‘धाव’ म्हणायचं?

बे_एरियाकर:
‘धाव’ चालेल, पण अनेकवचन करून बघा: ‘फॉकने मोसमात 1,381 धावा केल्या.’ वाचणारा म्हणेल, रणजीत का? म्हणून ‘धावून 1,381 यार्ड’ हेच सुरक्षित. तसंच झेल. ‘87 झेल’ लिहायला हरकत नाही, शब्द मोकळा आहे. फक्त लेखात एक वाक्य टाका, की क्रिकेटमध्ये झेल घेतला की चेंडू मृत होतो, इथे झेल घेतला की खरी पळापळ सुरू होते. आणि टचडाउनचं ‘भूस्पर्श’ वगैरे करू नका, हात जोडतो. नाव तसं असलं तरी चेंडू जमिनीला टेकवावा लागत नाही, गोलरेषेच्या प्रतलात शिरला की झालं. टेकवावा लागतो तो रग्बीत.

अक्षरवेडा:
‘यार्ड’ला आपला ‘वार’ का नको, हा माझा पुढचा प्रश्न होता. नऊवारी, सहावारी, सगळं त्याच मापात.

मधली_आळी:
वार म्हणजे यार्डच, छत्तीस इंच, मोजमापात काही खोट नाही. चार प्रयत्नांत दहा वार जायचं असतं ना? म्हणजे नऊवारी एक वार अपुरीच पडायची. पण ‘फॉकने 2,429 वार केले’ असं छापलंत तर पोलीस येतील. शिवाय क्रिकेटच्या खेळपट्टीचे आपण बावीस यार्डच म्हणतो, बावीस वार कोणी म्हणत नाही. मैदानात यार्ड, कापडाच्या दुकानात वार. लोकांनी वाटणी करून टाकली आहे, आपण कशाला मोडा.

कोरी_पाटी:
हा 2,429 कुठून आला?

अक्षरवेडा:
1,381 आणि 1,048 ची बेरीज. एका मोसमातला तेव्हाचा विक्रम. बॅरी सँडर्सचे 1997 मधले 2,358 होते, ते फॉकने मोडले. मग 2009 मध्ये ख्रिस जॉन्सनने 2,509 केले. इंग्रजीत या बेरजेला ‘यार्ड्स फ्रॉम स्क्रिमेज’ म्हणतात आणि तिथेच मी पुन्हा ठेचकाळतोय. काही ठिकाणी ‘ऑल-पर्पज यार्ड्स’ दिसतात. दोन्ही एकच का?

बे_एरियाकर:
अजिबात नाही, आणि ही चूक इंग्रजीत लिहिणारेही बिनदिक्कत करतात. ‘स्क्रिमेज’ हा ‘स्कर्मिश’चाच भाऊ. अर्थ झटापट, चकमक. चेंडू ठेवलेल्या जागेवरून मैदानभर आडवी कल्पित रेषा काढायची, तिच्या दोन बाजूंना दोन संघ भिडणार. ही झटापट रेषा. तिथून धावून किंवा पास झेलून जेवढं पुढे गेलात तेवढेच स्क्रिमेजचे यार्ड. क्वार्टरबॅकने सात यार्ड मागे जाऊन पास फेकला असेल तर ते सात हिशेबात नाहीत. मोजणी रेषेपासूनच. आणि रेषेच्या मागेच पाडलं तर आकडा उणे.

ऑल-पर्पजमध्ये याच्या जोडीला लाथाडलेला चेंडू परत आणतानाचे यार्डही धरतात. डॅरेन स्प्रोल्सचं 2011 चं न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडचं गणित बघा. धावून 603, झेलून 710, किकऑफ (खेळ सुरू करताना लाथाडलेला चेंडू) परत आणताना 1,089 आणि पंट (चाल अडल्यावर लाथाडलेला) परत आणताना 294. एकूण 2,696, आणि तो एनएफएल या व्यावसायिक लीगचा विक्रम ठरला. उंची पाच फूट सहा इंच. त्याचे स्क्रिमेजचे यार्ड मात्र 1,313 च. आता फॉकचे 2,429 आणि स्प्रोल्सचे 2,696 एका ओळीत लिहून ‘स्प्रोल्सने फॉकला मागे टाकलं’ म्हणणं म्हणजे किलो आणि लिटरची बेरीज.

मधली_आळी:
‘झटापट रेषा’ फार आवडला! उच्चारायला सोपा, बघताक्षणी कळतो, आणि कबड्डीच्या ‘निदान रेषे’शेजारी बसवला तरी परका वाटत नाही. हा मी वापरणार. ऑल-पर्पजला ‘एकूण यार्ड’ करू नका, त्याने घोटाळा तसाच राहील. ‘सर्व प्रकारचे मिळून’ असं सरळ लिहा, थोडं लांब झालं तरी.

अक्षरवेडा:
झटापट रेषा नक्की. आता मूळ मुद्दा: अष्टपैलू ठेवू की नको? फॉकच्या कारकिर्दीचा एकूण हिशेब देतो, म्हणजे अंदाज येईल. 1994 मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सने नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) दुसऱ्या क्रमांकाला उचलला. पहिल्याच मोसमात धावून 1,282. 1998 मध्ये धावून 1,319 अधिक झेलून 908. आणि 1999 मध्ये त्याच कोल्ट्सने दुसऱ्या आणि पाचव्या फेरीतल्या निवडींच्या बदल्यात त्याला रॅम्सला देऊन टाकला. आज वाचताना वाटतं, सोनं देऊन चणे-फुटाणे घेतले. पण गंमत म्हणजे कोल्ट्सने त्याच्या जागी एजरिन जेम्स आणला, त्याने पहिल्याच वर्षी धावून 1,553 यार्ड केले, आणि त्या मोसमात दोन्ही संघ 13 जिंकून 3 हरले.

रॅम्सकडे मग 2000 साली 26 टचडाउन आणि लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, तोही दोन सामने चुकलेले असताना. 1998 ते 2001 सलग चार मोसम झटापट रेषेपासून दोन हजारांच्या वर. असं आधी कोणी केलं नव्हतं. अखेर धावून 12,279, झेलून 6,875, झेल 767. गुडघ्याने दगा दिला, 2006 चा मोसम बाहेर बसला, 2007 मध्ये निवृत्ती. 2011 मध्ये कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानदालनात.

बे_एरियाकर:
या बेरजेतून ‘अष्टपैलू’ सिद्ध होतं, पण फॉक कळत नाही. माझं म्हणणं असं की त्याचं मोठेपण अनेक गोष्टी येण्यात कमी आणि आता यातली कोणती करणार हे समोरच्याला न कळण्यात जास्त होतं. अष्टपैलू क्रिकेटपटू फलंदाजीला येतो तेव्हा तो गोलंदाजी करणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. फॉकचं तसं नव्हतं. क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नरच्या शेजारी उभा आहे. चेंडू घेऊन धावेल? फळीतून सटकून पास घेईल? की थांबून ब्लिट्झ अडवेल? कधी तर चेंडू खेळात यायच्या आधीच सरळ बाहेरच्या टोकाला जाऊन रिसीव्हरसारखा, म्हणजे पास झेलणाऱ्यासारखा, उभा. मग बचावातल्या कोणी त्याच्यामागे जायचं? लाइनबॅकर (फळीमागचा दांडगा बचावपटू) गेला तर पळण्यात मार खातो, कॉर्नरबॅक गेला तर आयझॅक ब्रूस किंवा टॉरी होल्ट हे रॅम्सचे रिसीव्हर मोकळे सुटतात. रॅम्सच्या हल्ल्याचा प्रशिक्षक माइक मार्ट्झ, त्याची सगळी आखणी या पेचावर उभी होती.

34 व्या सुपर बोलचे, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याचे, आकडे बघा, अटलांटा, 30 जानेवारी 2000. टेनेसी टायटन्सने त्याला धावू दिलं नाही. दहा वेळा चेंडू घेतला, 17 यार्ड. निव्वळ धावणारा असता तर ‘फॉक अपयशी’ असा मथळा. पण पास झेलून 90 यार्ड काढले, आणि रॅम्स 23-16 जिंकले.

पळती:
म्हणजे त्याला धरायचा तर काय करायचं? आमच्याकडे असा धावक असला की पहिल्यांदा त्याच्यावरच सगळी ताकद लावतात. बाकीच्यांचं नंतर बघू.

बे_एरियाकर:
काका, अगदी हेच न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा प्रशिक्षक बिल बेलिचिकने केलं! 36 वा सुपर बोल, फेब्रुवारी 2002. पेट्रियट्सचा बेत असा, की वॉर्नरवर धावून जाणं दुय्यम, आधी फॉक कुठे उभा आहे ते शोधा. चेंडू त्याच्याकडे असो वा नसो, तो बाहेर पडताना त्याला धक्का द्या, वाट मोडा. सरावात खेळाडूंना तो कुठे आहे हे सतत ओरडून विचारलं जायचं. रॅम्स 20-17 हरले. आणि सामना कुठे? न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये, जिथे हा पॉपकॉर्न विकायचा. एका रनिंग बॅकसाठी अख्ख्या संघाचा बचाव नव्याने मांडावा लागतो, यापेक्षा मोठी पावती मला तरी माहीत नाही.

मधली_आळी:
मग एक शब्द सुचवते: ‘सव्यसाची’. अर्जुनाचं नाव, डाव्या हातानेही तितकंच सरस धनुष्य ओढणारा. बाण कोणत्या हाताने सुटणार ते समोरच्याला सांगता येत नाही. एकीकडे हजार आणि दुसरीकडे हजार, हे तर सरळच बसतं. तुम्ही म्हणता तो पेचही त्यात आहे.

कोरी_पाटी:
ताई, शब्द भारी आहे. पण सव्यसाची म्हटलं की तरुण पोरं लग्नाच्या लेहंग्याकडे वळतील.

मधली_आळी:
ते त्या बंगाली डिझायनरचं नाव! पण हो, धोका आहे खरा. 🙂

अक्षरवेडा:
माझी दुसरी शंका. सव्यसाची म्हणजे दोन हात. लाडेनियन टॉमलिन्सनचं काय करायचं? 2003 मध्ये सॅन डिएगो चार्जर्सकडून धावून 1,645 आणि शंभर झेल. 2006 मध्ये एका मोसमात 31 टचडाउन. आणि हा पठ्ठ्या पासही फेकायचा, कारकिर्दीत सात टचडाउन त्याने फेकलेल्या पासवर आलेत. तिसरा हात कुठून आणू?

मधली_आळी:
त्याला अष्टपैलू म्हणा, बिनधास्त. शब्द झिजला असला तरी तिथे तो आपली मजुरी कमावतो. सव्यसाची फॉक, क्रेग आणि मॅकॅफ्री या तिघांना, तोही एकदाच, त्या हजार-हजारच्या वाक्यात. परत परत वापरलात तर त्याचंही अष्टपैलू होईल.

पळती:
आणि हुलकावणी विसरू नका.

अक्षरवेडा:
नाही विसरत काका. सुरुवात अशी करतोय: ‘रॅम्सने 1999 मध्ये मार्शल फॉक हा रनिंग बॅक मिळवला. हुलकावणी देऊन धावण्यात आणि पास झेलण्यात तो सव्यसाची होता. त्या मोसमात झटापट रेषेपासून त्याने 2,429 यार्ड मिळवले, 1,381 धावून आणि 1,048 झेलून.’ आणि नाव ‘फॉक’च लिहितो, ‘फॉल्क’ नाही. स्पेलिंगमध्ये ल आहे, तोंडात नाही.

कोरी_पाटी:
‘रॅम्सने’ की ‘रॅम्सनी’? इंग्रजीत अनेकवचन आहे ना ते.

मधली_आळी:
‘रॅम्सने’. आपल्याला संघ अभिप्रेत आहे, मेंढे नव्हेत. ‘रॅम्स जिंकले’ हे मात्र अनेकवचनीच ऐकू येतं, ‘रॅम्स जिंकला’ कोणी म्हणणार नाही. ‘मुंबई जिंकली’, ‘इंडियन्स जिंकले’ हे जसं चालतं, तसंच. एका लेखात दोन्ही आलं तरी बिघडत नाही, मुद्रितशोधकाला तेवढं आधी सांगून ठेवा.